नेव्हच्या डोंगरावर काकांचा स्वेटर

क्लेटन, मेलबर्न
ईस्टरनंतरचा रविवार

ती. शुभदामावशीस,

हृषीचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढाच नमस्कार पाठवतो आहे. उरलेला डिसेंबरात प्रत्यक्ष येऊन पुरा करीन.) तुझी शुगर, काकांचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट, या तिघांच्या तब्येती कशा आहेत? गेल्या फोनला तू म्हणालीस की तिघंही वरखाली होत असतात, त्यातल्या त्यात लिफ्ट कमी. आमच्याकडे सगळं क्षेम. अस्मिता हॉस्पिटलच्या शिफ्टमध्ये बुडालेली आहे. रोज शुभंकरोती म्हण, हा तुझा निरोप सावनीला दिला. तिने ‘येप, नो वरीज’ असं उत्तर दिलं, तो मी होकार धरून चाललो आहे. मी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते अंगठे पाठवतो, चार ओळी कधी लिहीत नाही, अशी तुझी तक्रार आईमार्फत माझ्यापर्यंत पोचली. म्हणून हे पत्र पेनाने लिहायला बसलो आहे. अक्षर लागलं नाही तर काकांकडून वाचून घे, पण शेवटचं पान आधी काढून ठेव.

तर मुद्दा तुझ्या पार्सलचा. पोरं तिकडे कुडकुडत असतील म्हणून तू ट्रंकेतले लोकरीचे कपडे पाठवलेस, आणि ते मी ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात नेले, एवढं तुला फोनवर सांगितलं होतं. डोंगरात कशासाठी गेलो होतो ते सांगायची वेळ आली तेव्हा लाइन खराब झाली. ती मीच केली होती. मावशी, मी शिकारीला गेलो होतो. आता लगेच देवघराकडे वळू नकोस, आधी पुढचं वाच. बंदुकीला मी हात लावलेला नाही. माझ्याकडे परवाना नाही, आणि फटाक्याची माळ लावताना मी वात पेटायच्या आधीच पळतो हे तुला ठाऊक आहे. मला तीन कामं होती: बरोबर चालायचं, चहा करायचा आणि म्हाताऱ्याला धडधाकट घरी परत आणायचं. पहिली दोन मला जमण्यासारखी होती.

म्हातारा म्हणजे आमचा शेजारी नेव्ह. सत्तरी ओलांडलेला, हृदयात एक स्टेंट, हात फावड्यासारखे. आम्ही या घरात राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी कुंपणावरून लिंबांची पिशवी देणारा हाच. जन्मभर प्लंबिंगचं काम केलं आणि दर एप्रिलला उत्तरेच्या उंच डोंगरांत जाऊन सांबराच्या मागे हिंडला. (सांबर म्हणजे हरीण. इडलीबरोबरच्या सांबाराचा विनोद इथल्या प्रत्येक भारतीयाने करून झाला आहे, तो मी करत नाही.) इतकी वर्षं त्याच्याबरोबर जाणारा दोस्त आता मुलीकडे क्वीन्सलंडला राहायला गेला. गेल्या वर्षी नेव्ह एकटाच गेला, हवा फिरली, तो मात्र फिरला नाही, आणि रात्रभर एका ओंडक्याआड बसून राहिला. शोधायला माणसं गेली. त्यानंतर त्याच्या मुलाने बजावलं की पुन्हा असं झालं तर बंदूक पोलिसांकडे जमा, गाडीची किल्ली मुलाकडे जमा, डोंगर संपला. नेव्हची बायको डॉट मात्र थेट माझ्याकडे आली.

डॉट म्हणजे एवढीशी बाई, आपल्या मेधामामीपेक्षाही एवढीशी. तिने केक आणला (म्हणजे काम मोठं आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं) आणि म्हणाली की तू त्याच्याबरोबर जा. त्याला घरी बसवलं तर तो खुर्चीत बसल्या बसल्या संपेल, आणि एकटा सोडला तर डोंगरात. हवा बदलली की तू त्याला खाली घेऊन ये. तो आपण होऊन कधीच खाली येणार नाही. मी हो म्हटलं. मावशी, मी काय म्हणणार होतो? मला वाटलं, एक म्हातारा माणूस, त्याला वेळेवर ‘चला’ म्हणायचं, त्यात काय अवघड आहे? जन्मात कधी कुठल्या म्हाताऱ्या माणसाला मी ‘चला’ म्हटलं आणि तो निघाला, असं झालेलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता तयारी. तुला माहीत आहेच, मी डँडेनाँगला शीतगृहात नोकरी करतो. मटार, मासे आणि आइस्क्रीम उणे वीसमध्ये ठेवायचे आणि ट्रक भरून पाठवायचे, हे माझं काम. तेव्हा थंडी म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, अशा ताठ्यात मी होतो. शीतगृहातली थंडी सरकारी कारकुनासारखी असते, नेमल्या जागी नेमल्या वेळी बसलेली सापडते. डोंगरातली तशी नाही, हे नेव्हने मला परोपरीने सांगितलं. इकडे एप्रिल म्हणजे पानगळ. सकाळी ऊन, दुपारी वारा, तिसऱ्या प्रहरी बर्फ आणि संध्याकाळी पुन्हा आकाश असं निळं, की जसं काही घडलंच नाही. मी फोनवर हवामानाची सहा अ‍ॅप घेतली. एक म्हणालं ऊन, एक म्हणालं सरी, दोन म्हणाली वारा, आणि उरलेली दोन माझ्याकडे लोकेशन मागत बसली. नेव्हने सगळी पाहिली आणि म्हणाला, “डोंगर अ‍ॅप वाचत नाही, मेट. अ‍ॅप बघायचं, आणि ते खोटं बोलतंय असं समजून सॅक भरायची.”

मग माझ्या सॅकची तपासणी झाली, आमच्याच हिरवळीवर, सावनीच्या देखत. जीन्स बाहेर. सुती टी-शर्ट बाहेर. बनियनसुद्धा बाहेर, आणि ती त्याने काठीने उचलली. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो, लोकर भिजली तरी ऊब धरते, एवढंच त्याला सांगायचं होतं, पण नेव्ह तोंडाने सांगून थांबणारा नाही. त्याने माझी जीन्स आणि त्याचा एक लोकरी मोजा बादलीत बुडवून कुंपणावर टाकले आणि मला तासाभराने दोन्हींत हात घालायला लावला. जीन्स मेलेल्या माशासारखी गार लागत होती. मोज्यात मात्र बोटं शिरली आणि तिथेच राहावंसं वाटलं. मग काड्यापेटी तीन ठिकाणी ठेवायची, कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत बांधायचे, एक दिवसाचं जेवण जास्तीचं घ्यायचं, कुठे जाणार ते डॉटला नकाशावर दाखवून ठेवायचं, आणि संकटात बटण दाबलं की उपग्रहाला हाक मारणारा तो छोटा डबा छातीशी ठेवायचा. सॅकमध्ये नव्हे, छातीशी. माणूस घसरला की सॅक एकीकडे जाते आणि माणूस दुसरीकडे. हे ऐकल्यावर मी अस्मिताकडे पाहिलं आणि अस्मिताने भडंगाची आणखी एक पिशवी भरली.

आता लोकर आणायची कुठून? दुकानात लोकरी कपड्यांचे भाव पाहून मलाच हुडहुडी भरली होती, तेवढ्यात तुझं पार्सल आलं. मावशी, काय वेळ साधलीस! काकांच्या देहरादूनच्या बदलीतली ती ट्रंक जशीच्या तशी माझ्या दिवाणखान्यात उघडली. दोन पायमोजे, हातमोजे, बाटलीच्या हिरव्या रंगाची कानटोपी आणि त्याच रंगाचा तो वेणीच्या विणीचा स्वेटर. तू देहरादूनला अख्खा हिवाळा बसून विणलेला, आणि काकांनी एकदाच घालून ‘टोचतो’ म्हणून परत केलेला. (त्यावरून तुमच्यात जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही, हे मला आईकडून वेळोवेळी कळत असतं.) शिवाय तुझी चिठ्ठी: ‘उंचावर हवा विरळ असते, कापराची पुरचुंडी गळ्यात बांध आणि अधूनमधून हुंग.’ पुरचुंडी सोबत होतीच. आता तो डोंगर आपल्या कळसूबाईपेक्षा फार उंच नाही, पण तुझ्या बद्रीनाथच्या यात्रेतून आलेला सल्ला मोडायचा नसतो. मी ती बांधली. अस्मिता म्हणाली कपडे दोन दिवस उन्हात टाक. मी म्हटलं, कशाला? छान वास येतोय. खरंच येत होता. डांबरगोळ्यांचा वास म्हणजे माझ्या लेखी लग्नसराई. ट्रंक उघडली, शालू निघाले, आणि आता कुठेतरी जिलबी मिळणार. हा वास दुसऱ्या कुणाला वेगळा वाटू शकेल हे डोक्यातच आलं नाही. नेव्हने विचारायचा प्रश्न नव्हता. त्याचं नाक कोविडमध्ये गेलं ते परत आलंच नाही.

शुक्रवारी आम्ही निघालो. मॅन्सफील्डला बेकरीत त्याने पाय खाल्ला (मांस भरलेली कचोरी समज), मी चीजचा पफ, आणि तिथून पुढे रस्ता डोंगरात शिरला. मावशी, मी या देशात शिकायला आलो त्याला इतकी वर्षं झाली, पण माझा ऑस्ट्रेलिया म्हणजे क्लेटनचं स्टेशन, डँडेनाँगचं शीतगृह आणि ग्लेन वेव्हर्लीचं किराणा दुकान. त्या वळणावरून समोर जे उघडलं त्याला मी काय म्हणू? एकामागे एक डोंगर, एकामागे एक, पहिला हिरवा, मग निळा, मग फिकट निळा, आणि शेवटचा इतका फिकट की तो डोंगर आहे की माझा चष्मा पुसायचा राहिलाय ते कळेना. एक दिवा नाही, एक छप्पर नाही. मी आ वासून पाहत राहिलो. नेव्हने गाडी थांबवली होती. दर वर्षी येणारा माणूस, पण त्यानेही टोपी काढून मांडीवर ठेवली होती. आपण देवळात चप्पल काढतो, तसं.

शनिवारी सकाळी नदीकाठच्या मुक्कामावरून धारेवर चढलो तेव्हा खोऱ्यात धुकं होतं आणि वर ऊन. तासाभरात एवढं उकडायला लागलं की मी काकांचा स्वेटर काढून कमरेला बांधला, आणि शीतगृहातला माझा ताठा थोडाथोडा परत येऊ लागला. वारा वायव्येचा, गरम. तो समोरून हवा, असं नेव्ह सारखा सांगत होता. सांबराला डोळ्यांपेक्षा नाकाने जास्त दिसतं. या सांबरांची गोष्ट ऐक. ती मुळात आपल्याकडची. दीडशे वर्षांपूर्वी कुणा हौशी साहेबांनी बोटीत घालून इकडे आणली आणि सोडून दिली. म्हणजे परमनंट रेसिडेन्सी माझ्या आधी त्यांना मिळालेली. मला वाटलं, देशाकडचे म्हणून आपल्याला जवळ येऊ देतील. कसलं काय! आम्ही पाऊल ठेवायचा अवकाश, समोरच्या उतारावरून जुन्या अँबॅसिडरच्या हॉर्नसारखा आवाज यायचा, ‘पाँक!’, आणि झाडी खसखसायची. मग पलीकडच्या दरीतून ‘पाँक!’ मग आणखी पलीकडून. हा त्यांचा धोक्याचा इशारा. नेव्हच्या अनुभवात असं कधी झालेलं नव्हतं. वारा तपासायला त्याने पावडर उडवली, बूट पाहिले, आकाशाकडे पाहिलं, आणि शेवटी म्हणाला की बहुधा जंगली कुत्रे फिरत असतील. मीही काळजीने मान हलवली आणि जरा दम लागला म्हणून कापूर हुंगला.

दुपारी एका मोकळ्या माळाच्या कडेला आम्ही बसलो होतो. तिथली झाडं स्नो गम नावाची, वाकडीतिकडी, सालीवर हिरव्या, तांबूस, राखाडी रेघा ओढलेल्या, जणू कुणी ब्रश पुसून ठेवलाय. वारा आता डाव्या गालावर लागत होता. नेव्हने माझ्या दंडावर दोन बोटं ठेवली. मी पाहिलं. समोरच्या झाडीतून एक नर बाहेर आला होता. अगदी काळाच म्हणावा असा तपकिरी, खोंडाएवढा, मानेवर आयाळ, आणि शिंगं एवढी मोठी की ती डोक्यावर घेऊन तो झाडीतून आवाज न करता आला कसा हेच मला समजेना. तो चालत नव्हता, त्या माळावर जणू राज्य करत होता. नेव्हने बंदूक उचलून एका फांदीवर टेकवली. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवला होता. या एका क्षणासाठी तो मुलाशी भांडला होता, डॉटशी अबोला धरला होता, आणि माझ्यासारखं ध्यान बरोबर घेऊन आला होता. मला त्या जनावराने पळावंसं वाटत होतं आणि नेव्हचा नेम लागावासाही वाटत होता, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं हे मला अजून कळलेलं नाही.

आणि तेवढ्यात डाव्या गालावरचा वारा थांबला. सगळंच थांबलं. पानं थांबली, माश्या थांबल्या. मग माझ्या मानेवर मागून एक गार हात ठेवल्यासारखा वारा आला, शीतगृहाचं दार उघडल्यावर येतो ना, तस्सा. तो माझ्यावरून, काकांच्या स्वेटरवरून, कानटोपीवरून आणि बद्रीनाथच्या कापरावरून सरळ त्या माळावर गेला. सांबराने मान वर केली. ते लगेच पळालं नाही. त्याने नेव्हकडे पाहिलंच नाही, बंदुकीकडेही नाही, त्याने माझ्याकडे पाहिलं. पुढचा पाय एकदा आपटला. एवढ्या जवळून तो ‘पाँक’ ऐकला तेव्हा माझ्या बरगड्या हलल्या. आणि माळ रिकामा झाला. नेव्हने बंदूक खाली घेतली आणि मागे वळून पाहिलं, मीही पाहिलं. पश्चिमेचे ते निळे डोंगर जाग्यावर नव्हते. तिथे एक पांढरी भिंत होती आणि ती आमच्याकडे येत होती.

बर्फ मी आधी पाहिलेला आहे, तिकीट काढून, सावनीला घसरगाडीवर बसवून. हा तो बर्फ नव्हता. आधी बारीक गारा आल्या, तांदूळ पाखडल्यासारख्या, मग पावसाचा एक आडवा मारा, आणि मग आवाजच बंद झाला आणि सगळीकडे पांढरं उतरायला लागलं. सकाळी मी घाम पुसत होतो त्याच डोंगरावर आता मला माझे हात दिसेनात. भीती वाटली, पण खरं सांगू, त्या क्षणी भीतीपेक्षाही, हे किती मोठं आहे आणि मी किती लहान, याचंच इतकं नवल वाटलं की मी नुसता उभा राहिलो. कुणीतरी आपली दखलच घेत नाहीये आणि त्याचा राग येत नाहीये, असं मला पहिल्यांदाच झालं.

भानावर आलो ते नेव्हमुळे. तो उठून उलट्या दिशेने, दरीत उतरायला निघाला होता. ताज्या बर्फात नराचे खूर उमटले होते, म्हणजे तो जवळच थबकून आत्ताच दरीत उतरला होता, आणि आता तर माग काढणं सोपं आहे, असं तो म्हणत होता. तो पावसाच्या माऱ्यात भिजला होता. सॅकमधून रेनकोट काढून घालायला त्याने उशीर केला, कारण नजर शिंगांवर. त्याचे ओठ निळसर दिसत होते. मी म्हटलं, नेव्ह, डॉटने सांगितलंय. तो म्हणाला, “फक्त अर्धा तास, मेट.” मी म्हटलं, स्टेंट. तो म्हणाला, स्टेंट त्याचा आहे. मी म्हटलं, मुलगा. तो चालू लागला. मावशी, मला रडू यायचं बाकी होतं. या माणसाचा हात धरून ओढणं माझ्या बापजन्मात जमणार नव्हतं. वडीलधाऱ्याला हुकूम कसा सोडायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

पण दुसरं एक शिकवलेलं आहे, आणि ते तू शिकवलंस. काका पर्वतीच्या पायऱ्यांवर दमायचे आणि कबूल करायचे नाहीत, तेव्हा तुझे गुडघे दुखायचे. तू मटकन पायरीवर बसायचीस, ‘अगं बाई, माझे गुडघे!’, आणि काका ‘काय ही बायको’ असा चेहरा करून शेजारी टेकायचे, आणि दोघांनाही श्वास मिळायचा. मी बर्फात मटकन बसलो. ‘नेव्ह, माय नीज!’ म्हणून ओरडलो. एक हात गुडघ्यावर, एक कपाळावर. कपाळाचा गुडघ्याशी काय संबंध ते मला विचारू नकोस. नेव्ह थांबला. एकदा खुरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. किती वेळ पाहिलं ते देव जाणे. मग परत आला, माझ्या काखेत हात घातला आणि म्हणाला, “राइट. तुला खाली न्यायला हवं.” आवाज एकदम वेगळा झाला होता त्याचा, धाकात ठेवणारा, मायेचा. दोस्ताला, मुलाला इतकी वर्षं त्याने त्याच आवाजात खाली आणलं असणार.

खाली येताना मी लंगडलो. (वाटेत एकदा पाय बदलला, ते त्याच्या लक्षात आलं नसावं.) तो पुढे, प्रत्येक खुणेचं झाड हाताने चाचपत, पांढऱ्या अंधारात अशी वाट काढत होता की मी थक्क झालो. माझ्या खांद्याला धरून तो मला आणतोय असं त्याला वाटत होतं, आणि त्याच्या थरथरत्या कमरेला धरून मी त्याला आणतोय असं मला. दोन्ही खरं होतं. एका खडकाच्या आडोशाला त्याचे दात वाजायला लागले तेव्हा मी त्याचा भिजलेला शर्ट काढला आणि काकांचा स्वेटर त्याला चढवला. वेणीची वीण त्याच्या छातीवर ताणून बसली. काही वेळाने त्याच्या तोंडावर रंग आला. मुक्कामावर पोचलो, शेगडी पेटवली, सुंठ घातलेला चहा केला, भडंग खाल्लं, आणि कपडे सुकतायत तोवर ढग जसे आले तसे गेले. अख्खा डोंगर पांढरा, त्याच्यावर मावळतीचा गुलाबी उजेड, आणि आकाश असं निळं, की जसं काही घडलंच नाही. नेव्ह माझ्या शेजारी कप धरून बसला होता. कप खाली ठेवून म्हणाला, “देखणा होता, नाही?” मी म्हटलं, हो. रविवारी जेवायच्या वेळेला मी त्याला डॉटच्या दारात उभा केला.

तर मावशी, अशी हकिकत. जीवहत्या झालेली नाही, याची देवाला आणि आईला खात्री दे. तुझी लोकर, तुझा कापूर आणि तुझे गुडघे, तिन्ही कामाला आली. काकांना नमस्कार. लिफ्टने जाताना सांभाळून.

तुझा,
हृषी

ता. क. माझ्या गुडघ्यांची बातमी आता सगळ्या गल्लीत आहे. नेव्ह बोल्स क्लबात (तिथे म्हातारी मंडळी हिरवळीवर चेंडू घरंगळवतात) सांगत असतो की या बिचाऱ्याला मी डोंगरावरून उतरवून आणला. एका आजीने मला काठी दिली. कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायला दोन घरांपलीकडचा माणूस येतो, त्यामुळे मला बाहेर पडताना लंगडावं लागतं, आणि पाठ धरली आहे ती त्या लंगडण्यानेच.

ता. क. २. तू म्हणाली होतीस की कपडे धुऊन परत पाठव, ट्रंकेत जागा ठेवली आहे. मोजे आणि कानटोपी पाठवतो. स्वेटर पाठवता येत नाही, कारण नेव्ह तो काढत नाही. डॉटने एकदा धुवायला मागितला तर अंगातच धू म्हणाला. त्याला मी विचारलं, टोचत नाही? तो म्हणाला, टोचतो ना, म्हणून तर अंगात काहीतरी आहे असं वाटतं. हे वाक्य काकांना मोठ्याने वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्या जागी असतो तर दोनदा वाचलं असतं.

ता. क. ३. आणि हे पत्र ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते आता लिहितो. काल डॉट कुंपणापाशी आली. निघायच्या सकाळीच तिला माझा वास आला होता म्हणे, गाडीपर्यंत यायचीही गरज पडली नाही, स्वयंपाकघरातच आला. तिने मुद्दामच सांगितलं नाही. नेव्ह पुढच्या एप्रिललाही जाणारच, तो थांबणार नाही आणि ती थांबवणारही नाही. पण त्याला आता नेमाची नाही, उजेडात घरी यायची घाई हवी, आणि सांबरंच लांबून पळाली तर तो वेळेवर परत फिरेल, असं ती म्हणाली. दर वर्षी तुझे गुडघे कसे दुखतील, बाळा? या स्वेटरचा वास तोवर उडून जाईल, तेव्हा तुझ्या आंटीला विचार, आणखी एक विणून देईल का. मावशी, तिने ‘प्लीज’ म्हणताना कुंपणाची फळी घट्ट धरली होती. छाती सेहेचाळीस, हात जरा लांब, रंग कुठलाही, त्याला चालेल. विणून झाला की मार्चपर्यंत ट्रंकेत ठेव, उन्हात अजिबात टाकू नकोस, आणि डांबरगोळ्या सढळ हाताने घाल.